पाहुणीची टोपली

अंबुजाबाई टोपलीतून मासा काढताना डोळे मिटून घ्यायच्या. नुसते डोळे मिटून त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्या तोंडही समुद्राकडे फिरवायच्या आणि कोपरापर्यंत हात आत घालून जो लागेल तो बांगडा बाहेर काढायच्या. डोळ्याला आवडनिवड असते, हाताला नसते, असं त्यांचं म्हणणं. मासा फळीवर ठेवायचा, लांबी मी लिहून घ्यायची, की पुन्हा डोळे बंद. चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर नवख्या माणसाला वाटायचं, बाई कसलं तरी व्रत करताहेत.

व्रतच होतं ते. समुद्रात मासा किती उरला आहे आणि किती धरला तर चालेल, हा सल्ला आमची संस्था सरकारला देते. बांगड्याचा सल्ला बाईंच्या सहीने जायचा. बाई मात्र तंजावरच्या मराठी घरातल्या, पक्क्या शाकाहारी. मासा जन्मात जिभेला लावलेला नाही. मी मालवणचा, आकडेमोडीच्या नोकरीसाठी चेन्नईच्या वेलचेरीत येऊन पडलेला. पहिल्याच दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो, तर म्हणाल्या, "मॅडम नको रे, बाई म्हण. मज आईच्या घरीं आल्यासारखं होतं."

त्यांची आणखी एक रीत होती. सल्ला सरकारकडे जाण्याआधी त्या कोवलमच्या वाळूत बैठक मारून तो तमिळमधून मोठ्याने वाचून दाखवायच्या. ज्याच्या पोटावर लिहायचं त्याच्या तोंडावर वाचायचं, असं म्हणायच्या. लोक त्यांना अम्मा म्हणत. मासळीचा लिलाव करणारी सेल्वी तर अम्माची टोपली दुसऱ्या कुणाला भरू द्यायची नाही. मोजून झालेले बांगडे ती माझ्या पिशवीत टाकायची. काय बांगडे असायचे ते, एकेक वीतभर आणि अंगाने भरलेला. संध्याकाळी मी ते तळून खायचो आणि तेवढ्यापुरतं चेन्नईला नावं ठेवणं थांबवायचो.

बांगडा चांगला वाढतो आहे, बारीक भोकांच्या जाळ्यांवर बंदीची गरज नाही, असा बाईंचा सल्ला होता. त्या वर्षीही त्यांनी तोच वाचून दाखवला. लोक खूश झाले. सेल्वीने बाईंच्या हातात ताकाचा पेला दिला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "अम्मा, इतक्या वर्षांत तुमच्या टोपलीत एक तरी बारका मासा जाऊ दिलाय का मी? तुम्ही यायच्या आधी स्वतः निवडून ठेवते."

पेला बाईंच्या ओठांशी थांबला. मग "सरि," म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्यांनी ताक संपवलं. प्रेमाने दिलेलं टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर सगळा उलगडा झाला. बाई डोळे मिटून हात घालायच्या, पण टोपली मुळात डोळे उघडे ठेवून भरलेली असायची. मोठे मासे आमच्या फळीवर येत होते, पिल्लं कोंबड्यांच्या खाद्यासाठी ट्रकात चढत होती, आणि आम्ही सरकारला सगळं ठीक आहे म्हणून कळवत होतो.

"मज लाज वाटते रे," बाई म्हणाल्या.

खरं तर त्यांच्यापेक्षा मला जास्त वाटायला हवी होती. बाईंना मासा मोजता यायचा, खाण्यातला कळायचा नाही. मी मालवणचा. पाहुण्याच्या पानात मधली तुकडी जाते, हे मी लहानपणापासून बघत आलेलो. आपल्याच पिशवीतले बांगडे बाजारातल्यांपेक्षा मोठे कसे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तोंड भरलेलं असताना प्रश्न सुचतो कुणाला?

लाज झाकायची म्हणून मी सुचवलं, की पुढच्या अहवालात आकडे हळूच दुरुस्त करून टाकू, कुणाच्या लक्षातही येणार नाही. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती आठवली की आजही मान खाली जाते.

"सल्ला मोठ्यानं दिला मीं. चूक हळू कशी सांगूं?"

त्यांनी सल्ला मागे घेतला. सरकारी बैठकीत एका अधिकाऱ्याने विचारलं, मच्छीमारांनी फसवलं का. बाई उभ्या राहून म्हणाल्या, टोपली मी मागितली, ती कशी भरली हे विचारायचं काम माझंच होतं. सेल्वीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मागच्या रांगेत मी बुटांकडे बघत बसलो होतो.

मग नवा सल्ला घेऊन त्या कोवलमला गेल्या. पिल्लं मोठी होईपर्यंत बारीक जाळी बंद, असं त्यांनी त्याच वाळूत बसून वाचलं. बारीक जाळी बंद म्हणजे निम्म्या घरांची चूल मंदावणार, हे त्यांना ठाऊक होतं. या खेपेला ताक आलं नाही. सगळे उठून गेल्यावर सेल्वी मागे राहिली. "आम्ही मान दिला, अम्मा. तोच आमच्या गळ्याशी आणलात," ती म्हणाली. बाईंनी हात जोडले आणि चूक माझी आहे, एवढंच सांगितलं.

त्यानंतर, बंदीचा हुकूम निघायच्या आधी, पुन्हा मोजणीला गेलो तेव्हा बाईंची टोपली ठेवलेली नव्हती. बाईंनी ती मागितली. सेल्वीने नुकत्याच लागलेल्या होडीतून एक टोपली उचलली आणि जशीच्या तशी बाईंच्या पायांशी पालथी केली. "घ्या, मोजा." बोटाएवढे बांगडे, खेकडे, शेवाळ, प्लास्टिकची फाटकी पिशवी, सगळं एकत्र वाळूत पसरलं. भोवती माणसं जमली. आपण इथून निघून जावं, असं मला फार वाटलं.

बाई खाली बसल्या. तोंड समुद्राकडे फिरवून त्यांनी डोळे मिटले आणि त्या ढिगात हात घातला. पहिला बांगडा माझ्या पेनापेक्षा आखूड निघाला, दुसराही तसाच. डोळे मिटलेले होते तरी त्यांच्या गालावर पाणी आलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"आज मज पाहुणी केलं नाहीं त्यांनीं," त्या हळूच मला म्हणाल्या. "आज खरं माप मिळालं. लिही."

मी लिहीत गेलो. सेल्वी हलली नाही, शेवटच्या मासळीपर्यंत तिथेच उभी होती. मोजणी संपली आणि सवयीने मी पिशवी उघडली. सेल्वीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची घडी करून खिशात ठेवली.