फळीवरची टाच

टाच किती जोरात मारायची, हे मला पेंटरदादांनी शिकवलं. हळू मारली तर त्यांच्या तळव्यापर्यंत पोचायची नाही, आणि जास्त जोरात मारली तर पुढं बसलेल्या बायका म्हणायच्या, "हे काहून पाय आपटून राहिली वं?" मधला एक ठोका होता. तो जमायला मला अख्खा हंगाम लागला.

दादांना ऐकू येत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. लहानपणी ताप आला आणि कान गेले, त्यामागून बोलणंही. घर भंडाऱ्यातलं, वडील पितळेची भांडी घडवायचे. पोरगं ऐरणीजवळ जमिनीला हात टेकून बसायचं आणि तोंड रस्त्याकडं असलं तरी हातोडा कितीदा पडला ते बोटांवर बरोबर दाखवायचं. पुढं दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता अक्षर आलं, पाट्यांवरून नाटकाचे पडदे आले, आणि पडदे रंगवणारा माणूस एक दिवस पडद्यापुढं येऊन उभा राहिला. नाटक मंडळीत सगळे त्यांना पेंटरच म्हणायचे. मी दादा म्हणायची.

मी सांगोल्याकडची. पाचवीत शाळा सुटली आणि पायात घुंगरू आले. दुष्काळात आमचा फड मोडला, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं मी इतक्या लांब आले. इथं धानाची कापणी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, मंडईत नाटक लागतं आणि नाटकाला बायका कमी पडतात, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच तालमीला नाटक मंडळीच्या मालकांनी मान हलवली.

"इची बोली अलगच हाये बावा. लोकं हासतीन. वापस धाडून द्या इले."

परत जायचं म्हणजे कुठं, हेच मला सांगता आलं नसतं. दादा मालकांचे ओठ बघत होते. त्यांनी फळीवर हाताचा पंजा दाणकन मारला, माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःचे दोन्ही कान धरून असं काही तोंड केलं की तबलजीसुद्धा हसून लोळला.

"बरं बाप्पा," मालक म्हणाले. "तुयं बिनकानाचं चालते, त इचंबी चालन."

अशी मी राहिले. पुढं मला जे मिळालं, घास, घर, माणसं, ते सगळं त्या एका पंजामुळं. हे आधी लिहिलं, कारण आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात मागं येतो.

आमच्या एका नाटकात दादा मुक्या गड्याचं काम करायचे आणि मी त्याच्या बहिणीचं. गड्यावर चोरीचा आळ येतो. तो लोकांकडं आणि माझ्याकडं पाठ करून उभा असतो. मी रडत बोलत राहते, आणि माझं शेवटचं वाक्य संपलं की तो वळतो. तोवर लोकांना नुसती पाठ दिसायची. पण ती पाठ काय काय बोलायची! बायका पदर तोंडाला लावायच्या. वळण्याची वेळ मी टाचेनं सांगायची. स्टेज म्हणजे रिकाम्या ड्रमांवर टाकलेल्या फळ्या, त्यामुळं ठोका सरसर जायचा. दादा मुक्या राजाचं काम असलं तरी अनवाणी असायचे. प्रेक्षकांना ती त्यांची काही श्रद्धा वाटायची.

मालकांची एकच ताकीद होती. "लोकायले सांगू नोका पेंटरले ऐकू येत नाई म्हणून. कीव करतीन, टाळी नाई मारनार."

त्यामुळं चहाच्या टपरीवर भलतंच ऐकू यायचं. "का अ‍ॅक्टिंग करते बे! जसा खराच मुका!" मी ते दादांना ओठांनी जसंच्या तसं सांगायची. ते ठसका लागेपर्यंत हसायचे.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या मंडईत ते नाटक एका सिनेमावाल्या साहेबांनी पाहिलं. सकाळी ते आमच्या बिऱ्हाडी आले. नाकाडोंगरीकडच्या जंगलात त्यांचं शूटिंग चाललं होतं आणि त्यांना मुका गुराखी हवा होता. काम मोठं, सिनेमाभर पुरणारं. जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुम्हीही या. मोळीवालीचं एक छोटं काम आहे."

दादांना तीन दिवस झोप नव्हती. पडदे रंगवायचं सोडून आरशापुढं गुरं हाकत बसले. परक्या माणसांसाठी ते खिशात एक वही आणि पेन्सिल ठेवायचे. निघायच्या सकाळी त्यांनी ती वही काढून पेटीत ठेवली आणि माझ्याकडं बोट केलं. वही कशाला, ही आहे की.

जंगलात नेणाऱ्या जीपमध्ये साहेबांचा मदतनीस माझ्यापाशी बसला होता. चांगला मुलगा होता. त्यानं सरळ विचारलं, "ताई, यांना ऐकू येतं ना? नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही तशी सोय करू."

दादा मागं बसून सागाची झाडं बघत होते. मी म्हणाले, "येतंय की. जरा मोठ्यानं बोलावं लागतं."

काहून म्हणाले? मालकांची ताकीद जिभेवर बसली होती, हे एक. पण खरं कारण निराळं. बहिरा म्हटलं की दोघांनाही परतीच्या गाडीत बसवतील आणि माझी मोळी जाईल, अशी मला भीती वाटली. पाचवी शिकलेल्या बाईला पडद्यावर दिसायचं होतं. टाच आहे ना आपली, निभावून नेऊ, असं मी मनाशी धरलं.

दादांनी पाठमोरं चालत जायचं, मागून हाक आली की थांबायचं आणि वळायचं, एवढाच शॉट होता. हाक आली. मी टाच मारली. खाली मुरमाची जमीन. ठोका माझ्या गुडघ्यातच जिरला. दादा आपले चालतच राहिले, झाडांत शिरले. मदतनीस धावत जाऊन त्यांना घेऊन आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात टाच मारली की टाच फुटली, तरी तेच.

चौथ्या वेळी साहेबांनी टोपी काढून आपटली. "कानात काय बोळे घातलेत का? बाई, तुम्ही तर म्हणालात यांना ऐकू येतं!"

सगळं युनिट माझ्याकडं बघत होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. 'नाही येत साहेब, मी खोटं बोलले,' एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी समोर एक माणूस उभा करून हात हलवायला लावला असता. मी म्हणाले, "येतंय साहेब. लक्षच देत नाहीत. आमच्याकडं पण असंच करतात."

आणि मान वर केली, तर दादा वळलेले होते. दहा पावलांवरून माझ्या तोंडाकडं बघत होते.

त्यांच्या अंगावरचा गुराख्याचा सदरा आणि हातातली काठी साहेबांच्याच एका माणसाला दिली. माझी मोळी मात्र दुपारी घेतली. ती संपेपर्यंत दादा मोहाच्या झाडाखाली माझी पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. एस.टी.त त्यांनी मला खिडकी दिली. मी भंडारा येईपर्यंत तोंड खिडकीकडंच ठेवलं. मी काही बोलत नाही हे त्यांना दिसू नये म्हणून.

पुढच्या प्रयोगात दादांनी तो प्रवेश बदलला. पाठ करायच्या जागी ते बाजूला तिरके उभे राहिले, मी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेन असे. मालक चिडले. "अरे पेंटर, लोकायले पाठच पायजे!" दादांनी समजलं नाही असं दाखवलं. माझी टाच रिकामी झाली. प्रवेश पडला, बायकांचे पदर काही वर गेले नाहीत. मालकांना कारण कधी कळलं नाही. दादा माझ्यावर रागावले नाहीत, माझा डबा आधीसारखाच माझ्यासाठी झाकून ठेवायचे. कोणी शिवी दिली असती तर मी इतकी वर्षं हे वागवलं नसतं.

सहा-सात हंगाम गेले. मग भंडाऱ्यात नदीवर दुसरा सिनेमा आला. त्यांना ढिवराचं काम करणारा, वैनगंगेत जाळं टाकणारा माणूस हवा होता. दादांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं. ते मला घेऊन गेले. का नेताहेत ते मला कळेना. काखेत फडक्यात गुंडाळलेली एक पाटी होती. नव्या साहेबांसमोर गेल्यावर त्यांनी फडकं सोडलं आणि पाटी माझ्या हातात दिली. दुकानाच्या पाटीसारख्या ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: मी पूर्ण बहिरा आहे. इशारा द्या. काम चोख करतो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बोट केलं. वाच.

मी वाचलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते, दुकानदार तराजूकडं बघतो तसे. 'पूर्ण' हा शब्द मी तोंडातच गिळला. त्यांनी हातानं सांगितलं, परत. मी परत वाचलं, सगळं.

"एवढंच ना?" साहेब म्हणाले. "मग काय अडचण आहे?"

शॉट तसाच होता. नदीकडं तोंड, मागून नावाड्याची हाक, मग वळायचं. दादांनी खिशातून पाट्यांवर सरळ रेघ आखायचं गेरूचं सूत काढलं. एक टोक पाठीमागं धरलेल्या स्वतःच्या हाताच्या करंगळीला गुंडाळलं. दुसरं टोक कुणाला द्यायचं म्हणून नव्या साहेबांच्या मदतनिसानं हात पुढं केला. दादांनी ते माझ्या हातात दिलं आणि नदीकडं तोंड करून उभे राहिले.

त्यांची ती पाठ मला इतक्या वर्षांनी दिसत होती. हाक आली. मी सूत किती घट्ट धरलंय, तेही त्यांना करंगळीत कळत असणार. मी ओढलं. ते वळले. साहेब पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारायला गेले.

त्यानंतर दादांनी आणखी काही सिनेमे केले, दर वेळी पाटी घेऊन.

नदीवरच्या त्या पहिल्या दिवशी काम आटोपल्यावर ते वाळूत बसून सूत रिळाला गुंडाळत होते. मी समोर जाऊन बसले. माफीचं वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं तयार होतं. ते मान खाली घालून शेवटचा वेढा घेईपर्यंत मी थांबले. त्यांनी वर बघितलं, माझ्या ओठांकडं.

"चहा घ्यायचा का?" मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. आम्ही चहा घेतला.