फिल्टरशिवाय हळद
ओल्या हळदीचा वास आला की मला मावसबहिणीच्या लग्नाचा रोह्यातला मांडव आठवतो. पिंपल्सनी भरलेल्या माझ्या चेहऱ्याचं तिने स्टिकर केलं होतं आणि फॅमिली ग्रुपवर माझ्या प्रत्येक मेसेजखाली ती ते टाकायची. स्वतःचा एकही फोटो मात्र तिने फिल्टरशिवाय कधी टाकला नव्हता. हळद लागल्यावर तिने आपला फोन माझ्या हातात दिला. "व्हिडिओ काढून ग्रुपवर टाक गो. फिल्टर लाव हां, विसरू नको!" मी फिल्टर न लावता व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खांब गावी घरीच राहिलेल्या मामीचा लगेच व्हॉइस मेसेज आला. मी तो मोठ्या आवाजात लावला. "अगो, नवरीला काय झालंय? ताप हाय का तिला?" मांडव हसला. बहिणीने पिवळ्या हातांनी तोंड झाकलं. तिने व्हिडिओ डिलीट केला, पण त्याआधी मी तो माझ्या फोनवर घेतला होता. स्टिकर परत कधी आलं नाही. व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे.