देवाच्या मोटारीतली झिणझिणी

देवावर माझा विश्वास होता, पण देवाच्या मोटारीवर तो कधीच बसला नाही. आमच्या ह्यांनी पुलगावच्या एका गॅरेजात उभी हयात मेकॅनिकी केली. काम सोडलं तेव्हा गावाकडे दोन खोल्या बांधाव्यात, तर ह्यांनी लिलावातून एक भंगार बस उचलून आणली. आतली बाकडी काढून दोन लाकडी खाटा टाकल्या, एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह ठेवला आणि मागच्या दाराशी लोखंडी सिंहासनावर दत्ताची तसबीर बसवली. सत्तरीचं दशक तेव्हा सरत आलं होतं. हिवाळा लागला की आम्ही दोघं त्या बसमध्ये राहायचो, गावोगावच्या जत्रा करायचो, भजन म्हणायचो. लोक तिला देवाची मोटार म्हणत. मला मात्र तिच्यात सुखाचा घास कधी गेला नाही. हातब्रेक धरत नसे, म्हणून गाडी थांबली की चाकाखाली दगड लावायला मीच आधी उडी मारायची. देवळीच्या रस्त्याला उतार आला की एका हाताने तसबीर धरायची, दुसऱ्या हाताने स्टोव्ह, आणि तोंडाने नामस्मरण. भक्ती कमी, भीती जास्त, असं ते नामस्मरण होतं.

पण जिथे भ्यायचं तिथे मी भ्याले नाही, हीच या गोष्टीतली मेख आहे.

मोटारीच्या वायरिंगची एक रीत असते. बॅटरीतून दिव्याला एकच वायर जाते, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. बॅटरीचा करंट दुबळा, माणसाला काही करत नाही. ह्यांच्या बोटांना आयुष्यभर तेवढंच ठाऊक. त्यामुळे जत्रेत देवळातली घरगुती वीज घ्यायची वेळ आली तेव्हाही ह्यांनी तीच रीत चालवली. एक वायर दिव्याला, दुसरी सरळ बसच्या अंगाला. सगळीकडे लोखंडच आहे, मग आणखी वायर कशाला वाया घालवायची, असा हिशेब. पिन दोन बोटांची होती, उलटीसुलटी कशीही बसे. सुलटी बसली तर ठीक, उलटी बसली तर सगळी बस जिवंत तार होणार, हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं. दोन हिवाळे ती सुलटी बसत राहिली. कोणी बसवली म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सुलटी असतानाही कधीकधी एक गोष्ट व्हायची. खाली ओल्या जमिनीवर उभं राहून सिंहासनाला हात लावला की बोटांत बारीक झिणझिणी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले. मला वाटलं, देवाने आपल्याला ओळखलं. मी ते बायकांना सांगितलं. मग काय, बायका रांगेने हात लावायला येऊ लागल्या. जागृत देव, जागृत देव म्हणत माझ्याही पायाला हात लावू लागल्या, आणि मी लावू दिला. ते मला आवडत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

ह्यांना ते खटकलं होतं. एकदा टेस्टर काढून म्हणाले, "अवं, हे मले काई बराबर वाटून नाई राह्यलं. एकडाव पाहू दे."

मी फाडकन बोलले, "देवाच्या कामात तुमची पक्कड घालू नोका. साऱ्या जगाले देव लागते, तुमालेच करंट लागते!"

हे माणूस गरीब. टेस्टर खिशात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या जिभेपुढे ह्यांचं कधीच काही चाललं नाही.

आमची एकुलती एक मुलगी सुमी देवळीला दिलेली. तिची दोन बाळंतपणं अर्धवट राहिली होती. दुसऱ्या वेळी तर लेकरू हातात येऊन गेलं. तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि सातवा महिना लागला, तेव्हापासून मी धास्तावलेलीच. कोणी दारात उभं राहिलं तरी वाटायचं, देवळीचा निरोप आला की काय. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जपायला सांगितलं होतं, थंडीवाऱ्याचं फिरू नको म्हणाल्या होत्या. पण मी आधीच नवस बोलून बसले होते. दत्तजयंतीला सुमी नदीत अंघोळ करील आणि ओलेत्याने येऊन देवाच्या मोटारीच्या पायरीवर डोकं ठेवील. आमच्याकडे ओलेत्याने केलेल्या नवसाला मोठा मान. जावई कुरकुरले. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना दत्ताचं काय कळतं! पोरगी बिचारी आईच्या शब्दाबाहेर नव्हती.

नाचणगावच्या पलीकडे नदीकाठी दत्ताचं एक लहानसं देऊळ होतं. तिथे आम्ही बस लावली. देवळातून वायर काढून बाभळीच्या फांदीवरून बसच्या खिडकीत आणली. तिच्या टोकाला सॉकेट होतं, त्यात बसची पिन आतूनच खोचायची. सकाळी हे सुमीला आणायला पुलगावच्या स्टँडवर निघाले. जाताना बजावून गेले, "मी येईपावतर त्या वायरीले हात लावजो नोको." मी मान हलवली.

हे गेले आणि चारोळी विकायला आलेला एक गोंड म्हातारा दारापाशी थांबला. पाठीवर गाठोडं, हातात काठी, मागे एक हडकुळं करडं कुत्रं. म्हणाला, "बाई, कुत्र्याले घोटभर पानी देतं का? माहा गुडगा धरला, नदीत उतरनं होत नाई."

"नदी काय पळून चालली? बसा, मग उतरा," मी म्हटलं. "आणि त्या कुत्र्याले दूर ठेवा. सारं बाटवते." कुत्रं पायरीकडे सरकलं तशी मी झाडणी उगारली. म्हातारा बाभळीखाली जाऊन बसला. मी आत वळले आणि पदराने तसबीर पुसायला लागले. तसबिरीत देवाच्या पायाशी चार कुत्री होती. तीही पुसली, रोजच्यासारखी.

सुमी आली. तोंड सुकलं होतं पोरीचं. बायकांबरोबर ती नदीत उतरली, हे घाटावर काळजी करत उभे राहिले. थोड्या वेळाने ती तांब्या भरून चढण चढताना मला बसमधून दिसली. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, दात वाजत होते, पाय अनवाणी. आणि माझ्या लक्षात आलं, देवावरचा दिवा लावलाच नाही! लेक इतक्या लांबून येते आणि देव अंधारात? ह्यांना हाक मारायला वेळ नव्हता. मी आतच खाटेवर गुडघे टेकले आणि पिन खोचली. दिवा लागला. मला काही झालं नाही. जो पूर्ण आत आहे, त्याला काही होत नाही. बाहेर ओल्या मातीवर उभं राहून जो लोखंडाला शिवेल, त्याचा जीव जाणार होता. पिन उलटी बसली होती.

सकाळपासून बायकांनी पायरीवर पाणी घातलं होतं, खाली चिखल झाला होता. पायरीवरून तीर्थ ठिबकत होतं. ते करडं कुत्रं नजर चुकवून आलं आणि ठिबकणारं पाणी चाटायला त्याने तोंड वर केलं. नाक पायरीला लागलं. चर्रकन काहीतरी झालं, एक अर्धवट आवाज निघाला आणि कुत्रं आडवं पडून ताठ झालं. मी मूर्ख, मला वाटलं सोंग करतंय. मी झाडणी शोधायला लागले.

सुमी दहा पावलांवर होती. लहानपणापासून तिचा जीव मुक्या जनावरात. "अगं बाई, काय झालं याले?" म्हणत ती वाकून धावत आली. एक हात कुत्र्याकडे, दुसरा आधारासाठी बसच्या दांडीकडे.

तेवढ्यात मधे काठी आडवी आली. गुडघा धरलेला तो म्हातारा कसा उठला, कसा पोचला, मला आजही सांगता येत नाही. त्याने काठीने सुमीला मागे रेटलं, ती मागच्या बाईच्या अंगावर गेली, तांब्या सांडला. "हात लावू नोको, पोरी! गाडीत करंट हाय!"

लेकीकडे झेपावायला मी दांडी धरली, एक पाय खाली टाकणार, तोच तो माझ्यावर ओरडला, "उतरू नोको! मरशीन! जिथं हायेस तिथंच राह्य!"

मी जिथल्या तिथे थांबले. पोटची पोर समोर थरथरते आहे आणि आईला हलायची मनाई. आयुष्यात मी कोणाचं ऐकलं नव्हतं, ना नवऱ्याचं, ना डॉक्टरीणबाईंचं. त्या घडीला, ज्याच्या कुत्र्याला घोटभर पाणी नाकारलं त्याच्या तोंडाकडे मी बघत राहिले. तो म्हणाला, "आता काय लावलं तू? ते काढ पयले." मी मागे सरकत खाटेवर गेले. पिन दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा निघाली. देवावरचा दिवा विझला. "आता लोखंडाले न धरता दोन्ही पायानं एकदम उडी मार." मी मारली, आणि चिखलात पडले, आणि तशीच सुमीच्या पायांना मिठी मारून रडले.

हे धावत आले. कुत्र्याकडे पाहिलं, खिडकीतल्या वायरीकडे पाहिलं. खिशातला टेस्टर काढला आणि तो हातात धरून चिखलातच खाली बसले.

म्हातारा कुत्र्याला बाभळीखाली घेऊन गेला. "माहा बैल असाच गेलता," तो ह्यांना म्हणाला, "वावरात तुटलेल्या तारेवर. तवापासून मले वळखू येते." ह्यांनी खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून म्हटलं, "आता दे पानी." देवाच्या कळशीतलं पाणी मी त्याला दिलं. अर्धं तो प्यायला, अर्धं मातीवर ओतलं, गाठोडं उचललं आणि गेला. सुमीला कोरडं नेसवायच्या घाईत मी त्याचं नावही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात हे बसचं सगळं वायरिंग उकलून बसले. वीज जायला एक वायर, यायला दुसरी, बसच्या अंगाशी संबंध नाही. जिथे मुक्काम पडेल तिथे आधी जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, ती बसला जोडायची, मगच दिवा. पिन तीन बोटांची, उलटी बसतच नाही. हातब्रेकही नीट करून घेतला. मी वाटेत आले नाही. पाना-पक्कड मीच हातात देत होते, आणि देताना मनात म्हणत होते, हीही पूजाच आहे. जत्रेत दुसरी कोणती राहती गाडी दिसली की हे टेस्टर घेऊन जाऊन तपासतात. लोक हसतात. हसू देत.

फाल्गुनात सेवाग्रामला सुमीला मुलगी झाली. धडधाकट, आजीसारखी तोंडाळ. दुसऱ्या वर्षी दत्तजयंतीला मी त्या बाभळीखाली पाण्याचं भगुणं भरून दिवसभर वाट पाहिली. म्हातारा आला नाही. गावची कुत्री येऊन पिऊन गेली.

बायका अजून विचारतात, मायबाई, तुमचा देव पहिल्यासारखा हाताला का लागत नाही? खरंच लागत नाही. बसच्या अंगावरची वायर निघाली तशी झिणझिणी गेली ती गेलीच. परवा नातीला कडेवर घेऊन मी ओल्या पायांनी पायरीपाशी उभी होते. तिने हात पुढे केला तशी मी तिला मागे ओढायला गेले, मग थांबले. तिने सिंहासनावर तळवा ठेवला. मीही तिच्या हातावर हात ठेवला. गार लोखंड लागलं, बाकी काही नाही. मी डोळे मिटून दत्ताला म्हटलं, देवा, असाच गार राहा.