मास्तरांच्या खुणा

काडी हे नाव त्याला उंटाने दिलं. क्लबाची सगळ्यांत लहान जर्सी त्या पोराच्या अंगावर अशी लोंबत होती की उंट म्हणाला, "अरे, या काडीला गोणपाट कुणी गुंडाळलंय?" उंट म्हणजे संघातला सगळ्यांत उंच गडी. दिवसा बस चालवायचा, संध्याकाळी बास्केटखाली उभा राहायचा. त्या दिवसापासून काडी तो काडीच. पुढे अंग भरलं, दाढी आली, वर्तमानपत्रात फोटो आला. नाव काही बदललं नाही.

उंची बेताचीच. त्या ताडमाड मंडळींत तो खुर्चीशेजारच्या स्टुलासारखा दिसायचा. पण चेंडू त्याच्या हाताला पाळलेल्या मांजरासारखा सलगी करायचा. म्हणून संघाला शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला पॉइंट गार्ड केलं. "पॉइंट गार्ड म्हणजे घरातला तो माणूस," मास्तर सांगायचे, "जो सगळ्यांना वाढतो आणि स्वतः शेवटी बसतो. चेंडू पुढे आणायचा, कोण मोकळा आहे ते बघायचं, आणि त्याच्या हातात नेऊन द्यायचा. टाळ्या त्याला. तुला चालतंय का?"

"चालतंय," काडी म्हणाला होता. तेव्हा त्याला काहीही चाललं असतं.

मास्तर कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले, उजव्या हाताची करंगळी अर्धी. क्लब छोटा, निम्मे खेळाडू दिवसभर कुठेतरी नोकरी करून यायचे, डोकी शिणलेली असायची. त्यांना आकडे, बाण, फळ्यावरच्या आकृत्या समजावत बसणार कोण? मास्तरांनी डावांना घरातली नावं ठेवली. एकजण कोपऱ्यात ढिम्म उभा राहतो आणि त्याला चेंडू आयता नेऊन द्यायचा, तो जावई. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे न बोलता जाऊन उभं राहायचं, तो वळला की आपटलाच, ती सासू. आणि नणंद म्हणजे मधून घुसायचं, दोघांत भांडण लावायचं आणि दुसऱ्या दाराने निघून जायचं. एकदा ऐकलं की कुणी विसरत नसे.

ही नावं फक्त सरावापुरती. सामन्यात मास्तर बाजूला उभे राहून खूण करायचे: कॉलर सारखी केली की जावई, कान ओढला की सासू, कमरेवर हात ठेवला की नणंद. काडी ती खूण बघायचा, स्वतःच्या अंगावर तशीच करून इतरांना द्यायचा. चार वर्षं तो मास्तरांच्या हातांकडे बघत वाढला. सराव संपला की मास्तरांच्याच घरी जेवायला. त्याची आई शिवणकाम करायची, लोकांच्या पँटी आखूड करायची. तिला रात्री उशीर व्हायचा. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, ताट वाढताना म्हणायच्या, "काडीचं लाकूड व्हायला हवं, आणखी घे."

बाविसाव्या वर्षी त्याला मोठ्या क्लबाने उचललं. करार झाला त्या दिवशी मास्तरांनीच त्याला नवे बूट दिले. "तिथे फार बोलू नकोस," म्हणाले. "आधी बघ."

बघण्याशिवाय तिथे काही नव्हतंच. त्याच्या जागेवर आधीच दोन गार्ड होते, दोघेही त्याच्यापेक्षा वीतभर उंच. पाच महिने काडी बाकाच्या टोकाला बसला. तिथले लोक त्याच्याशी वाईट वागले असं नाही. त्याच्याशी वागलेच नाहीत. "टॉवेल दे रे," एवढंच काय ते. घरी फोनवर आईला सांगायचा, "चाललंय, छान चाललंय," आणि फोन ठेवला की बराच वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळत बसायचा.

मग जुन्या क्लबाबरोबर सामना आला, लीगमधला शेवटचा. मोठ्या क्लबाला जिंकण्याहरण्याने काही फरक पडणार नव्हता. जुना क्लब मात्र हरला की खालच्या श्रेणीत जाणार होता. हे काडीला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या भागात जुना संघ सात गुणांनी पुढे गेला. उंट घोड्यासारखा धावत होता. सहायक कोच, वयाने तरुण, हातात कायम पाटीएवढा टॅब, बाकावर काडीशेजारी येऊन टेकला.

"तू तिथलाच ना?"

"हो सर."

"तो म्हातारा सारखा कॉलर काय नीट करतो? लग्नाला निघालाय का?"

काडी हसला. पाच महिन्यांत कुणीतरी त्याच्याशी थट्टेने बोललं होतं. आणि त्याने सांगितलं. कॉलर म्हणजे काय, कान म्हणजे काय, कंबर म्हणजे काय. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. ज्याला डोळे आहेत त्याने चार सामने बघून खुणा ओळखल्याच असत्या. पण तो हसू टिकवायला गेला आणि नावंही सांगून बसला. जावई! सासू! शेजारचे दोघे पोट धरून हसले. एकाने त्याच्या पाठीत थाप मारली. ती थाप त्याला गोड लागली, हे तो पुढे कधीच कुणाला सांगू शकला नाही.

तिसऱ्या भागात त्याला मैदानात उतरवलं. काम एकच: म्हाताऱ्याकडे बघायचं आणि ओरडायचं.

मास्तरांनी कॉलरला हात लावला. "जावई!" काडी ओरडला. कोपऱ्यातल्या खेळाडूवर दोघे धावले, चेंडू गेला. मास्तरांनी कान ओढला. "सासू आली रे, मागे बघा!" आता बाकावरचे सगळे ओरडायला लागले. मग प्रेक्षकांना मजा कळली. मास्तरांचा हात नुसता वर गेला तरी वरच्या रांगांतून आरोळी यायची, "नणंद! नणंद!" आणि हशा. उंट एकदा काडीच्या अगदी समोर आला, घामाने निथळत, आणि हळूच म्हणाला, "अरे, घरचं आहे ते." काडीने मान वळवली आणि पुढचा डाव ओरडून सांगितला.

मास्तरांनी खुणा बदलल्या नाहीत. कशा बदलणार, सामन्याच्या मध्यात? एकदा ते काडीकडे बघत राहिले; रागाने नाही, मशीनमधून वेगळाच आवाज यावा आणि माणसाने कान द्यावा तसं. शेवटच्या पाच मिनिटांत ते बाकावर बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

जुना क्लब एकतीस गुणांनी हरला आणि खालच्या श्रेणीत गेला. दुसऱ्या दिवशी मोठ्या क्लबाच्या कोचने काडीला नावाने हाक मारली. "कामाचा आहेस तू," म्हणाले. पुढच्या मोसमासाठी त्याला दुसरा गार्ड करायचं ठरलं.

सुट्टीत तो घरी आला. ताई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांचं ऐकून तिची जीभ धारदार झाली होती. तिने सामना टीव्हीवर पाहिला होता.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतात हे ऐकून होते," ती म्हणाली. "तू मोजलेस आणि वर गावभर ओरडून सांगितलेस."

"ताई, सगळेच करतात. ह्याला अभ्यास म्हणतात. धंदाच आहे तो."

"असेल ना. मग मान वर करून सांग की."

आई तोंडात टाचण्या धरून पँटीची कड दुमडत होती. तिने एकेक करून टाचण्या काढल्या, उशीला टोचल्या आणि विचारलं, "काकूंना भेटलास?"

तो भेटला नव्हता. कालपासून दुकानाला जायचं तरी मागच्या गल्लीने जात होता.

ताईनेच पुढचं सांगितलं. क्लबाच्या कमिटीला मास्तर नको झालेत. पुढच्या महिन्यात चषकाचा सामना आहे, गाठ पुन्हा मोठ्या क्लबाशीच. हरले की मास्तरांना नारळ.

दुपारी काडी जुन्या हॉलवर गेला. मास्तर सामानाच्या खोलीत स्टुलावर बसून चेंडूंत हवा भरत होते. दारात सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं.

"ये. पंप धर. हा मेला सुईपाशी गळतोय."

काडीने पंप धरला. वाटभर त्याने वाक्य जुळवून आणलं होतं. चुकलं माझं, पाया पडतो. दोन चेंडू भरून झाले, आणि त्याने भलतंच विचारलं.

"काकू बऱ्या आहेत?"

"बरी आहे. गुडघा धरलाय."

"मास्तर, खुणा..."

"बदलल्या. आता एक, दोन, तीन. आकडेच ठेवले. नावं घेतली की पोरं खाली बघतात. लोक हसले ना तेव्हा." त्यांनी चेंडू अंगठ्याने दाबून पाहिला. "आकड्यांत गोंधळ होतो, पण होईल सवय."

काडीचा पंप थांबला. काहीतरी द्यायला हवं होतं, आत्ता, ताबडतोब. आणि त्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती. तो भडाभडा बोलायला लागला.

"मास्तर, चषकात तुम्ही जिंकलात तर कमिटी काही करू शकत नाही. मी सांगतो तुम्हाला. आमच्या क्लबाचे सगळे डाव मला पाठ आहेत. आमचा कोच मूठ वर करतो ना, तेव्हा डावीकडून..."

"थांब."

"ऐका तरी. मूठ म्हणजे..."

"थांब म्हणतो ना!" मास्तरांचा आवाज हॉलमध्ये घुमला. मग ते हळू झाले. "आता त्यांचंही सांगणार?"

काडी पंपाची सुई पिळू लागला.

"अरे, मला वाटलं होतं पोरगं घाबरलं असेल. पाच महिने बाकावर बसलेलं, कुणी विचारलं, बोलून गेलं. होतं माणसाचं. काकूला मी हेच सांगितलं." त्यांनी चेंडू बाजूला ठेवला. "पण तुला अजून कळलेलंच नाही काय झालं ते."

"मास्तर, तुमची नोकरी..."

"नोकरी माझी आहे ना? मग राहू दे माझ्याकडे." त्यांनी त्याच्या हातातून पंप घेतला. "जा आता. पोरं यायची वेळ झाली."

पोरं आलीच होती. काडी खोलीबाहेर पडला तेव्हा सगळे मैदानाच्या मधोमध उभे होते. उंट ड्रायव्हरच्या गणवेशातच होता, नुसते बूट बदललेले.

"या पाहुणे," उंट म्हणाला. "बरं आहे ना?"

चार वर्षं ज्याने त्याच्या डोक्यात टपल्या मारल्या, त्याने त्याला अहोजाहो केलं.

"बरं आहे," काडी म्हणाला. "चालू द्या तुमचं."

कुणी हललं नाही. चेंडू उंटाच्या काखेत होता. बाकीचे कमरेवर हात ठेवून, नाड्या बांधून, इकडेतिकडे बघत उभे. काडीला वाटलं, थकलेत. मग कळलं. त्याच्यासमोर ते सराव सुरू करणार नव्हते. तो जाण्याची वाट बघत होते, सभ्यपणे, घरात परका माणूस बसलेला असला की घरचं बोलणं थांबवतात तसे.

मैदान ओलांडून दारापर्यंत जायला त्याला फार वेळ लागला. दार त्याने मागे ओढून घेतलं. आतून चेंडू आपटल्याचा पहिला आवाज आला, आणि मास्तर ओरडले, "दोन! अरे दोन, तीन नाही!"

तो पायरीवर थांबला होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण ऐकतोय. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? तो घाईघाईने पायऱ्या उतरला आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागला.