प्लेनोत मुलगी मागताना

वरपक्षाने हात जोडून मुलीच्या दारी जायचं, हे आमच्या साताऱ्यात कोणी ऐकलेलं नाही. तरी मी टेक्सासमधल्या प्लेनो गावी निघालो. धाकटा भाऊ गेल्यापासून निनादच्या बापाच्या जागी मीच, आणि निनादला तिथलीच एलिफ नावाची तुर्की मुलगी हवी होती. तिच्या बाबांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, 'ओलाबिलिर' (होऊ शकतं; म्हणजे नाहीही होणार). वर अट, की घरातल्या वडीलधाऱ्याने येऊन मुलगी मागावी.

विमानात तुर्कीचं पुस्तक उघडलं. तिथे 'शकणे' वेगळं येत नाही, क्रियापदाच्या पोटातच 'एबिल' (कधी 'आबिल') होऊन बसतं. इचेबिलिरिम (पिऊ शकतो). नाही म्हणताना तेही गळतं: इचेमेम (पिऊ शकत नाही). 'कदाचित'साठीही तोच 'एबिल'. एका प्रत्ययावर दोन संसार चालवणारे लोक पोरगी सहजासहजी देणार नाहीत, हे मला अटलांटिकवरच कळलं.

प्लेनोत हायवे रुंद आणि फुटपाथ ओसाड. एसी चालू असूनही निनाद घामाघूम होऊन ड्राइव्ह करत होता.

एलिफच्या घरी मी तीन बाकलावा (पिस्ते भरलेली, पाकात बुडवलेली वडी) हाणल्या आणि मागणीचं पाठ केलेलं वाक्य साफ विसरलो. एलिफने कॉफीचा ट्रे आणला. वयाचा मान म्हणून पहिला कप मी उचलला. ती दचकली. घोट घेतला तर नुसतं मीठ. डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय. पण यांची पद्धतच अशी असेल म्हणून चेहरा न हलवता कप संपवला. तिच्या बाबांनी खुणेने विचारलं, आणखी एक?

"इचेबिलिरिम," मी म्हणालो.

ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. निनाद कानाशी कुजबुजला, "काका, तो कप माझा होता. सॉल्ट ग्रूमला देतात, टेस्ट करायला."

एलिफने बाबांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं: ज्याच्यासाठी काका एवढं गिळतो, त्याची वेगळी परीक्षा कशाला? मग ते स्वतःच म्हणाले, "ओलुर" (होईल). मधला 'एबिल' गेला होता. निनाद रडला. मीही रडलो, आणि दोष मिठाला दिला.

परतताना विमानतळावर निनादने विचारलं, लग्नाला नक्की याल ना? मी 'गेलेबिलिरिम' (येऊ शकतो, कदाचित येईन) म्हणून त्याला जरा छळलं. मग त्याने बापाला मारावी तशी मिठी मारली. मराठीतही 'शकणे' असं क्रियापदाच्या पोटात बसतं, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते विमानतळाच्या दारात आलं. मला निघवत नव्हतं.