वाटता न येणारे लाडू

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होतो, असं माझी माय सांगायची. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं सगळा जन्म पिठाच्या गिरणीत गेला, पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात. लिहायची सवय नाही. धाकटी लेक म्हणाली, मायचं, म्हणजे माझ्या बायकोचं, काहीतरी लिहून ठेवा, म्हणून बसलोय. रडगाणं लिहिणार नाही. लाडवांचं लिहितो, कारण आमच्या गावात तिला लोक लाडवांवरून ओळखायचे.

आम्हाला दोन लेकी. थोरली पहिल्याच बाळंतपणात गेली. मूलही गेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नव्हतं, आधी कोणी बघितलं नाही का. कोणी बघितलं नव्हतं. सासरच्यांनी नाही आणि आम्हीही नाही. पोरगी बारीक आहे, कामाची आहे, एवढंच सगळे म्हणत होते.

धाकटी लासूर स्टेशनला दिली होती. तिला दिवस गेले आणि तिकडच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर तेही कमीच. तिनं मायला निरोप धाडला नाही, जावयानं बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी बायकोनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि नर्सबाईंकडं गेली. भाकरी मीच काढली, जळलेली.

उपकेंद्रातल्या त्या नर्सबाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, वरून लगेच चहा प्यायचा नाही, आणि पोटात सकस जाऊ द्यायचं. काय काय, ते त्यांनीच सांगितलं: बाजरी, डाळ्या, तीळ, शेंगदाणे, हळीव, गूळ. लाडू करायचे ठरले. बायकोनं सगळं भाजून डब्यात भरून गिरणीत आणलं. मी नाही म्हणालो. तीळ-शेंगदाणे घातले की गिरणीचे दगड तेलकट होतात, पीठ पुढं सरकत नाही, मागच्या गिऱ्हाइकाची बोलणी मला खावी लागतात. ती म्हणाली, बाजरीत कालवून थोडं थोडं सोडा, बाजरी तेल धरते. तसं केलं. खरंच धरलं.

डबा घेऊन मी औरंगाबादहून गाडीनं लासूरला गेलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला, आणि डबा उघडून ताट भरून पोरीच्या हातात दिलं. माहेरचा डबा आला की सुनेनं तो गल्लीत वाटायचा. आमच्याकडंही तसंच आहे. न वाटला तर माहेरच्यांची लाज जाते आणि सून हावरट ठरते. विहीणबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरगी पोटातलं ओझं घेऊन दारोदार फिरून आली आणि खुश होती. सगळ्यांनी मायच्या हाताचं कौतुक केलं म्हणाली. तू खाल्लास का विचारलं, तर उरला तर खाईन म्हणाली.

घरी आलो. बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"वाटले?"

"वाटले."

"सगळे?"

"डब्यात चुरा होता."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. पुढच्या वेळी तिनं जास्त केले, म्हणजे वाटूनही उरतील. झालं उलटंच. पहिले लाडू चांगले झाल्याचं गल्लीभर पसरलं होतं, या वेळी मागची आळीही आली. पोरीला पुन्हा चुराच. तूप वाढवलं, वेलदोडा घातला, तसे खाणारे वाढत गेले.

तिसऱ्या खेपेचं दळण आणलं त्या दिवशी लाईटचा काही भरवसा नव्हता. तिच्या आधी एका बाळंतिणीच्या घरची मेथी दळून निघाली होती. मेथीनंतर मी मूठभर हलकी ज्वारी सोडून दगड साफ करतो, नाहीतर पुढचं पीठ कडू होतं. पण लाईट जाईल या घाईत बायकोचं दळण तसंच सोडलं. लाडू वळून झाल्यावर तिनं एक तोंडात टाकला. मग मला दिला. कडू. गूळ होता, तूप होतं, पण गिळल्यावर घशात मेथी. मी म्हणालो, म्हशीला घाल. ती लाडू डब्यात भरायला लागली. मला वाटलं, म्हशीलाच घालतेय.

"उद्या लासूरला जा," ती म्हणाली.

"कडू डबा घेऊन जाऊ? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. थोरलीच्या वेळी लोकं लई चांगलं म्हणत होते."

डबा मी पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी गेलो.

विहीणबाईंनी नेहमीसारखा डबा उघडला, ताट घेतलं, आणि वाटायच्या आधी चव बघावी म्हणून एक तुकडा तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं.

"पाव्हणं, हे गल्लीत कसं वाटावं? लोकं थुकतील."

"वाटायचे नाहीत, विहीणबाई. पोटुशीचे हायेत. औषधी."

"मग असं सांगा ना. हिचं हिलाच खाऊ द्या. आमच्यानं तर नाय खाल्ला जायचा." आणि त्यांनी ताट परत फळीवर ठेवलं.

पोरीनं माझ्यादेखत एक खाल्ला. कडू लागला म्हणून डोळ्यात पाणी आलं होतं. मायला सांगा, पुढच्या वेळी मेथी घालू नको, असं ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली. मी हो म्हणालो आणि घरी सांगितलं नाही.

त्यानंतर बायकोनं मेथी मुद्दाम घातली, दर वेळी. डबे पोचत राहिले आणि वाटले गेले नाहीत. सातव्या महिन्यात पोरगी आमच्याकडं आली तेव्हा नर्सबाईंनी रक्त बघितलं. वाढलं होतं. लई नाही, पण वाढलं होतं. गोळ्यांनी का लाडवांनी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाळंतपण शहरात सरकारी दवाखान्यात झालं. आया बाहेर आली आणि मुलगी झाली म्हणाली. बायकोनं ते ऐकलंच नाही. तिनं विचारलं, रक्त किती गेलं. आया म्हणाली, जेवढं जायचं तेवढंच. मग बायकोनं पाणी मागितलं आणि बसून प्यायलं.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. नर्सबाई ज्या बाईचं रक्त कमी निघेल तिला आमच्या ओट्यावर पाठवायच्या. चार बाया जमायच्या, भाजायच्या, मी दळायचो, त्या वळायच्या. सामान जिचं तिनं आणायचं. अंगणवाडीत पोटुशींसाठी गोड पिठाची पाकिटं यायची, ती घरची पोरं खायची. खाऊ द्या, पोरांनाही लागतंच. आईसाठी मात्र कडूच.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. काही बाया खायच्याच नाहीत. गल्लीतली मनियारीण, बांगड्या भरणारी, तिची सून पोटुशी होती. मनियारीणच एक दिवस तणतणत आली.

"भाभी, हमारे बुढ्ढे को शुगर है. मेथी के लड्डू अच्छे बोलके वोइच खा रा सब."

"गूळ हाय त्यात म्हणून सांग त्याला. पाय कापावा लागंल."

मनियारीण हसत हसत गेली. म्हाताऱ्यानं पुन्हा डब्याला हात लावला नाही, असं नंतर कळलं. तिची सून नीट बाळंत झाली. सगळ्या बायांचं रक्त वाढलं असं मी म्हणणार नाही, मला ते कळत नाही. पण थोरलीसारखी कोणी आमच्या गावातून गेली, असं पुढं माझ्या ऐकण्यात नाही.

बायको मागच्या उन्हाळ्यात गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. गिरणी त्याच्या आधीच बंद पडली होती, आता घरोघर चक्क्या आहेत. तिच्यामागं माझं जेवण कमी झालं. भूक लागत नाही, लागली तरी एकट्यानं ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो. डॉक्टर म्हणतात, तुमचं रक्त कमी आहे. मी म्हणालो, या वयात लागतं कशाला. ते त्यांनी धाकटीला फोनवर सांगितलं.

ती लगेच आली, डबा घेऊन. मिक्सरवर दळलेलं होतं, पण वळले होते मायसारखेच, मुठीची बोटं वर उमटलेली. एक खाल्ला.

"मेथी नाय घातली, दादा. तुमच्यानं आता कडू खाल्लं जायचं नाय म्हणलं."

चांगले झाले होते. तसं मी तिला सांगितलंही. संध्याकाळी ती गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला. खाल्ले का विचारलं.

"वाटले."

"सगळे?"

"डब्यात चुरा हाय."

 ती म्हणाली, पुढच्या वेळी मेथी घालते.