हौद कोणी भरला?

वाटूरच्या शाळेतले भुजंग मास्तर रागीट आहेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पोरगं हिशेबात चुकलं तर ते चिडत नसत, पुन्हा समजावून सांगत. पण कोणी ‘उपकार’ हा शब्द काढला की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा एका बाईनं पोरगा पास झाला म्हणून गुळाची ढेप आणली आणि म्हणाली, “मास्तर, लई उपकार झाले तुमचे.” मास्तर ओरडले, “उपकार कसले? सरकार पगार देतं मला! गूळ घरी न्या, पोराला घाला.” बाई रडकुंडीला आली. लोक म्हणाले, हा माणूस तिरसट आहे. तिरसट होतेच, पण तो तिरसटपणा त्यांनी जालन्याच्या बोर्डिंगातून आणला होता, आणि त्याची किंमत तिथंच मोजली होती.

निजामाच्या राज्यात खेड्यातल्या पोरानं मॅट्रिक व्हायचं म्हणजे आधी पोटाची सोय बघावी लागे. भुजंग हा कुंभार पिंपळगाव नावाच्या गावातल्या रखमाजी धनगराचा मुलगा. गावातली शाळा संपली, पुढचं शिक्षण जालन्यात आणि तेही उर्दूतून. कापसाचे मोठे व्यापारी राधाकिसनजी यांनी तिथं एक बोर्डिंग काढलं होतं. पैसे भरणाऱ्या मुलांची पंगत आधी बसायची. ज्यांना पैसे परवडत नव्हते त्यांना जेवण ‘फुकट’ होतं, फक्त थोडं काम करायचं.

थोडं काम! उजाडायच्या आत विहिरीचं पाणी ओढून हौद भरायचा. सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांची उष्टी काढायची, मग उरलंसुरलं आपण खायचं. कापसाचे दिवस आले की शेठजींच्या जिनिंगवर कापसाची ओझी वाहायची, त्यापायी भूमितीचे तास बुडायचे. आणि एवढं करून नाव काय, तर ‘धर्माची पोरं’. गृहपती हाक मारायचे तीसुद्धा तशीच, “ए धर्माच्या, इकडं ये!” घरच्या गड्याला तरी लोक नावानं हाक मारतात.

भुजंग सुट्टीत घरी आला तेव्हा रखमाजीनं विचारलं, “तिथं काय रिवाज हाय रं?”

“आम्ही काम करायचं, त्यांनी जेवायला द्यायचं.”

रखमाजीच्या डोक्यात लगेच उजेड पडला. “म्हंजी आपला वाडाच की! बराबर हाये.”

रखमाजी हंगाम संपला की मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, घेऊन रानोमाळ फिरायचा. शेतकरी स्वतः येऊन बोलावणार, मेंढरं त्याच्या रानात बसवायची, रानाला खत मिळणार, बदल्यात शेतकरी ज्वारी देणार. त्यात एक गोष्ट पक्की होती. ज्वारी मागायला धनगर कोणाच्या दारात जात नसे. ती वाड्यावर यायची. आणि देताना शेतकऱ्यानं वाकडा शब्द काढला, तर मेंढरं त्याच घटकेला उठवायची. वर्षानुवर्षं चांगलं वागणाऱ्या शेतकऱ्याला मात्र रखमाजी एक घोंगडं द्यायचा. बरोबरीच्या माणसाला द्यायचं ते. साळूबाई, म्हणजे भुजंगची आई, त्याची लोकर हातानं कातायची.

बापानं बोर्डिंगाला वाडा समजणं ही त्याची चूक होती. पण असली चूक फक्त सरळ माणूसच करू शकतो. भुजंगनं ती दुरुस्त केली नाही. धर्माची पोरं म्हणतात हे बापाला कोणत्या तोंडानं सांगणार?

मॅट्रिकचं वर्ष आलं. परीक्षा पाडव्यानंतर होती. परीक्षेला बसायचं तर चालचलनाचा दाखला लागायचा, आणि तो गृहपतींच्या हातात होता. होळीच्या आधी बोर्डिंगचा वार्षिक जलसा ठरला. जालन्यातले बडे लोक, वकील, तहसीलचे अंमलदार, सगळ्यांना जेवणाची बोलावणी गेली. गृहपतींनी भुजंगला बोलावून चार ओळी पाठ करायला दिल्या. धर्माच्या पोरांतर्फे त्यानं त्या स्टेजवर म्हणायच्या होत्या.

भुजंगनं त्या वाचल्या आणि त्याचे कान तापले. “गुरुजी, ही शेवटची ओळ मी न्हाई म्हणणार.”

“मग परीक्षेला कसा बसणार?” गृहपतींनी पान लावता लावता विचारलं.

तो रात्रभर तळमळला असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं काही झालं नाही. त्यानं सरळ हिशेब केला. आईबाप इतकी वर्षं रानात झोपले ते ह्या मॅट्रिकसाठी. चार ओळी म्हटल्यानं काही जीभ झडत नाही. ऐकायला आपलं कोण आहे तिथं?

पण जलशाच्या दिवशी रखमाजी आला. त्याचा वाडा त्या वेळी बदनापुराकडच्या एका रानात बसलेला होता. पोराच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम आहे एवढं त्याला बाजारात कळलं होतं. डोक्याला धुतलेलं पागोटं, खांद्यावर कोरं काळं घोंगडं, राधाकिसनजींना द्यायला आणलेलं. तो मांडवात मागच्या बाजूला जमिनीवर बसला.

भुजंगला तो दिसला तेव्हा भुजंग स्टेजवर उभा होता, आणि तोंडातून शब्द निघायला लागले होते. पाठ केलेलं असलं की जीभ आपली आपण चालते. “शेठजींच्या अन्नावर आम्ही वाढलो. त्यांचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत. ते नसते, तर आम्ही आज रानात मेंढरं राखत बसलो असतो.”

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत रखमाजी उभा राहिला.

“भुजंगा, आज सकाळी हौद कोणी भरला?”

मांडवातल्या सगळ्या माना मागे वळल्या. भुजंग हळूच म्हणाला, “मी, आबा.”

“आन् उष्टी कोण काढतं?”

“आम्हीच.”

“मंग फुकट काय खाल्लं तू?”

राधाकिसनजी हसले. मोठ्या माणसाचं ते समजुतीचं हसू. “बसा बाबा, बसा. तुमच्या पोराचं भलंच करून राह्यलो आम्ही.”

“शेठजी, माझी मेंढरं तुमच्या रानात बसली आन् तुम्ही ज्वारी दिली, तर म्या तुमचं खाल्लं का तुम्ही माझं खाल्लं? कोणीच कोणाचं खाल्लं न्हाई. फिट्टंफाट झाली.” मग तो पोराकडे वळला, आणि आता त्याचा आवाज चढला. “आन् तू! मेंढरं राखणं म्हंजी भीक मागणं हाय का रं? तुझ्या मायनं हाताची कातडी जाईस्तोवर लोकर कातली, ते काय धर्मावर?”

त्यानं घोंगडं खांद्यावर नीट टाकलं आणि तो मांडवाबाहेर पडला.

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं भुजंगच्या अंगाचा भडका उडाला. गृहपती दात-ओठ खात पुटपुटले, “वाढायला घे, पंगत बसून राह्यली. दाखला पाहिजे ना?” भुजंग स्टेजवरून उतरला तो थेट विहिरीवर गेला. बोर्डिंगचा दोर कधीच तुटला होता. आताचा दोर रखमाजीनं वळून दिलेला होता. त्यानं पोहऱ्याची गाठ सोडली, पोहरा काठावर ठेवला आणि दोराचं वेटोळं खांद्यात अडकवलं.

आत बड्या लोकांच्या पानांत झणझणीत आमटी पडली होती. हौद दुपारीच सरला होता. वाढणारा कडूबा, तोही धर्माचाच, विहिरीवर धावत आला. त्यानं दोर पाहिला, भुजंगचं तोंड पाहिलं, आणि हातातली बादली तिथंच ठेवून दिली.

वकीलसाहेबांना ठसका लागला म्हणतात. लागू दे.

भुजंग चालत बापाच्या वाड्यावर पोचला तेव्हा रखमाजी तेच कोरं घोंगडं अंथरून बसला होता. त्यानं पोराला बस म्हटलं नाही. भुजंग मातीतच टेकला.

“दाखला न्हाई देणार ते. वरीस गेलं माझं,” भुजंग म्हणाला.

“जाऊ दे. तसलं बोलायच्या आधीच वरीस गेलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

दाखला खरोखरच मिळाला नाही. ते वर्ष त्यानं मेंढरामागं काढलं, पुढच्या वर्षी गावच्या शाळेच्या मास्तरांचा दाखला घेऊन बाहेरून परीक्षा दिली, कसाबसा पास झाला आणि वाटूरला नोकरीला लागला. रखमाजी त्याच्याशी बोलायचा, जेवायचा, पण त्या घोंगड्यावर त्याला कधी शेजारी बसू देत नसे.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. थंडीत राधाकिसनजींचं बोलावणं आलं. ते आता खादी वापरायला लागले होते. बोर्डिंगच्या जलशात ‘आमच्या अन्नावर शिकून मास्तर झालेले’ म्हणून भुजंगनं दोन शब्द बोलावेत. निर्लज्जपणाला सीमा नसते ती अशी.

भुजंग गेला. स्टेजवर उभा राहून त्यानं विचारलं, “आज सकाळी हौद कोणी भरला?”

मागच्या ओळीतून काही हात भीतभीत वर आले.

“ही पोरं कोणाचं फुकट खात नाहीत. मीही खाल्लं नव्हतं. इथंच उभं राहून मी खोटं बोललो होतो, ते आज परत घेतो. मी मेंढरं राखणाऱ्याचा मुलगा आहे, वर्षभर मीही राखली आहेत, आणि ते ह्या बोर्डिंगात राहण्यापेक्षा इज्जतीचं काम आहे.”

तो जेवायला थांबला नाही. घरी आला तेव्हा रखमाजी ओसरीवर त्याच घोंगड्यावर बसलेला. घोंगडं आता झिजलं होतं, कडा फाटल्या होत्या.

“बोललास?”

“बोललो, आबा.”

“समद्यांपुढं?”

“समद्यांपुढं.”

“मंग बराबर हाये,” रखमाजी म्हणाला, आणि घोंगड्यावर थोडा बाजूला सरकला.